नायकांची अदलाबदल

घराचा संसार विसकटूं लागला म्हणजे वडील माणसाकडे बोट दाखविण्याची चाल फार जुनी आहे. संस्था डबघाईस आली कीं चिटणीस बदला, नाटकमंडळी बुडूं लागली कीं मुख्य नट काढा, असा सल्ला देणारे गृहस्थ हवे तितके भेटतात. या सल्ल्यांत तथ्य नसतेंच असें नव्हे. परंतु तें किती असतें हें ठरविणें कठीण जातें. संस्थेच्या व्यवहारांत बरींवाईट कारणें एकमेकांत इतकीं गुंतलेलीं असतात कीं, जुना माणूस गेल्यामुळें काय घडलें आणि तो असता तरीहि काय घडलें असतें, हें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं. खेळांत ही अडचण बरीच कमी होते. तेथें दर मोसमाचा निकाल आंकड्यांत लिहिलेला असतो आणि घालवून दिलेल्या माणसाचें पुढें काय झालें हेंहि जगाला दिसतें. म्हणून पडत्या काळांत नेतृत्व बदलावें या हेतूनें संघानें आपला अनुभवी नायकच दुसऱ्याच्या पदरीं घालावा, अशा प्रकारचे तीन प्रसंग आम्ही येथें तपासणार आहों. आणि शेवटीं, नायक न घालवितां नेतृत्व बदलल्याचा एक चौथा प्रसंगहि सांगणार आहों. हे सर्व प्रसंग उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकीचे आहेत.

आपल्याकडे हॉकी म्हटली म्हणजे हिरवळीवरची, ध्यानचंदांची हॉकी डोळ्यांपुढें उभी राहते. कॅनडा व अमेरिका या देशांत त्याच नांवाचा खेळ बर्फाच्या अंगणांत चालतो. गोलरक्षकासह सहा गडी पायांत स्केट बांधून, वांकड्या काठ्यांनीं रबराची एक चपटी चकती पुढें नेतात. आणि वेग इतका असतो कीं, पाऊणएक मिनिट खेळून गडी बाहेर येतात व ताज्या दमाचे आंत जातात. १९१७ सालीं स्थापन झालेली ‘नॅशनल हॉकी लीग’ ही या खेळांतील सर्वश्रेष्ठ संघटना होय, आणि तिच्या विजेत्या संघाला स्टॅन्ले चषक मिळतो. संघनायकाच्या छातीवर ‘सी’ हें एक अक्षर शिवलेलें असतें. त्या अक्षराचा मान त्या देशांत केवढा मोठा आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा येत नाहीं.

या खेळांतील एक रीति मात्र आपल्याला विलक्षण वाटेल. करारांत तशी खास अट नसेल, तर संघाच्या सरव्यवस्थापकानें वाटेल त्या दिवशीं वाटेल त्या गड्यास दुसऱ्या गांवच्या संघाकडे धाडावें, आणि मोबदल्यांत त्या संघाचे गडी अथवा पुढील वर्षीं नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क घ्यावा, अशी तेथें मुभा आहे. गड्याची संमति विचारण्याचें कारण नाहीं. सकाळीं एका गांवचा नायक असलेला माणूस रात्रीं दुसऱ्या गांवचा साधा शिपाईगडी होऊं शकतो. नायकपद पालटण्याचा विषय आपल्याकडेहि आतां अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं. २०२३ सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या आयपीएल संघानें पांच वेळां विजय मिळवून देणाऱ्या रोहित शर्मांकडील नायकपद काढून तें गुजराथच्या संघाकडून परत आणलेल्या हार्दिक पंड्यांकडे दिलें, आणि पुढच्याच मोसमांत तो संघ तळाशीं गेला. त्या वेळीं घरोघर झालेली चर्चा ज्यांना आठवत असेल, त्यांना पुढील हकीकती परक्या वाटणार नाहींत.

पहिला प्रसंग व्हँकूव्हरचा. ट्रेव्हर लिंडन हा गडी १९८८ सालीं त्या संघांत आला आणि विशी गांठतो न गांठतो तोंच त्याच्या छातीवर नायकाचें अक्षर आलें. १९९४ च्या जून महिन्यांत त्याचा संघ स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेंत न्यूयॉर्क रेंजर्सशीं सात सामने झुंजला. सातव्या सामन्यांत व्हँकूव्हरचे दोनहि गोल लिंडननेंच केले. परंतु न्यूयॉर्कनें तीन केले, आणि त्यांतला तिसरा त्यांचा नायक मार्क मेसिए याचा होता. न्यूयॉर्कला ५४ वर्षांनीं चषक मिळाला. त्या विजयी संघाचा प्रशिक्षक होता माइक कीनन.

तीन वर्षांनीं व्हँकूव्हरच्या चालकांनीं काय करावें? ज्यानें आपल्याला हरविलें त्या मेसिएलाच १९९७ च्या उन्हाळ्यांत मोठें वेतन देऊन त्यांनीं आणलें. लिंडननें आपण होऊन नायकपद त्याच्या स्वाधीन केलें. मोसम सुरू होतांच संघ हरूं लागला. तेव्हां सरव्यवस्थापक व प्रशिक्षक दोघेहि गेले आणि नोव्हेंबरांत खुद्द कीनन येऊन दाखल झाला. म्हणजे १९९४ चा विजयी नायक व विजयी प्रशिक्षक हे दोघेहि आतां पराभूतांच्या घरीं नांदूं लागले. कागदावर याहून उत्तम योजना कोणती असणार! पण दोन्ही बाजूंनीं विजयाची आठवण निरनिराळी होती. मेसिए व कीनन यांना जो दिवस उत्सवाचा होता, तोच व्हँकूव्हरच्या जुन्या गड्यांना घाव होता. त्या हिंवाळ्यांत १९९४ च्या संघांतील माणसें एकामागून एक बाहेर गेलीं. गोलरक्षक कर्क मॅक्लीन गेला, मार्टिन जेलिना गेला, आणि ६ फेब्रुवारी १९९८ रोजीं लिंडनलाहि न्यूयॉर्क आयलंडर्सकडे धाडण्यांत आलें. बदल्यांत टॉड बर्टूझी व ब्रायन मॅकेब हे दोन तरुण गडी आणि नवोदिताच्या निवडीचा एक हक्क मिळाला.

परिणाम काय झाला? त्या मोसमांत व्हँकूव्हरचा संघ पश्चिम विभागांत शेवटचा आला. १९९९ च्या जानेवारींत कीनन गेला. मेसिए २००० सालीं न्यूयॉर्कला परतला; त्याच्या तीन मोसमांत व्हँकूव्हर एकदांहि मोसमाअखेरच्या बादफेऱ्यांपर्यंत पोहोंचलें नाहीं. नायकपद पुढें मार्कस नॅस्लुंडकडे गेलें. तो या सर्व पडझडींत त्याच खोलींत बसलेला, मेसिएच्या हाताखालीं मुकाट्यानें खेळलेला गडी होता. त्याच्या पहिल्याच वर्षीं संघ बादफेऱ्यांत शिरला. २००१ च्या नोव्हेंबरांत लिंडन परत आला, साधा गडी म्हणून सहा मोसम खेळला, आणि २००८ च्या डिसेंबरांत त्याचा १६ हा आंकडा यापुढें कोणासहि न देण्याचा निर्णय करून गांवानें त्याचा सन्मान केला.

मात्र या व्यवहाराची एक दुसरीहि बाजू आहे आणि इतिहास लिहिणारानें ती झांकतां कामा नये. बर्टूझी पुढें फार मोठा खेळाडू झाला. २००६ सालीं ज्या देवघेवींत तो गेला, तिच्यांतून रॉबर्टो लुओंगो हा नामांकित गोलरक्षक व्हँकूव्हरला मिळाला. मॅकेबचाहि १९९९ सालीं असाच उपयोग झाला. त्याला देऊन निवडीचा जो हक्क मिळाला, त्याच्या आधारानें स्वीडनचे सेडिन बंधु, डॅनियल व हेन्रिक, हे जुळे भाऊ एकाच संघांत आणतां आले. सारांश, देवघेव म्हणून पाहतां लिंडनचा व्यवहार लाभाचा ठरला, परंतु नेतृत्व बदलण्याचा उपाय म्हणून तो साफ फसला. या दोन गोष्टींचा हिशेब निराळ्या वह्यांत ठेवला पाहिजे. बहुतेक टीकाकार तो एकाच वहींत ठेवतात आणि मग गोंधळतात.

दुसरा प्रसंग बोस्टनचा. जो थॉर्नटन हा धिप्पाड तरुण १९९७ च्या निवडींत सर्व नवोदितांत पहिला निवडला गेला आणि २००२ पासून बोस्टनचा नायक झाला. २००४ च्या वसंतांत माँट्रिआलविरुद्ध बोस्टन तीन विरुद्ध एक असें पुढें असतां शेवटचे तिन्ही सामने हरलें. त्या सात सामन्यांत थॉर्नटनच्या नांवावर ना एक गोल, ना एका गोलास साहाय्य. त्याच्या बरगडीला दुखापत होती आणि तसाच तो खेळत होता. पण लोकांच्या ध्यानांत राहिलें तें शून्य. ‘हा खेळतो सुंदर, पण पुढारी नव्हे’ हा शेरा येथूनच त्याच्या नांवाला चिकटला.

पुढचा संपूर्ण मोसम मालक व खेळाडू यांच्या वेतनाच्या तंट्यांत बुडाला. २००५ सालीं खेळ पुनः सुरू झाला तेव्हां नवा नियम आला कीं, कोणत्याहि संघानें खेळाडूंच्या वेतनावर वर्षाला ३ कोटि ९० लक्ष डॉलरांहून अधिक खर्च करूं नये. बोस्टननें थॉर्नटनशीं तीन वर्षांचा दोन कोटि डॉलरांचा करार केला होता. संघ मात्र अडखळूं लागला, आणि ३० नोव्हेंबर २००५ रोजीं, करारावरची शाई नीट वाळली नसतांना, सरव्यवस्थापक माइक ओकॉनेल यांनीं त्याला सॅन होझेच्या संघाकडे धाडून बदल्यांत ब्रॅड स्टुअर्ट, मार्को स्टुर्म व वेन प्रिमो हे तीन गडी घेतले.

सॅन होझेचा संघ त्या वेळीं ओळीनें दहा सामने हरलेला होता. थॉर्नटन तेथें गेला आणि त्या संघाचा रंगच पालटला. त्या मोसमांत दोन्ही संघांकडून मिळून त्यानें २९ गोल केले व ९६ गोलांस साहाय्य केलें. लीगमधील सर्वाधिक गुणांचें व सर्वोत्तम खेळाडूचें अशीं दोन्ही पारितोषिकें त्यालाच मिळालीं. त्याच्या शेजारीं खेळणारा जॉनथन चीचू ५६ गोल करून त्या वर्षीं सर्वांच्या पुढें गेला. आणि बोस्टन? तें आपल्या गटांत तळाशीं राहिलें, आणि नायकास घालवून चार महिने होतात न होतात तोंच ओकॉनेल यांनाहि अधिकारावरून दूर व्हावें लागलें.

या व्यवहाराचे समर्थक अजूनहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. थॉर्नटनचें वेतन मोकळें झालें नसतें, तर १ जुलै २००६ रोजीं झ्डेनो चारा यास पांच वर्षांकरितां ३ कोटि ७५ लक्ष डॉलर देऊन आणणें बोस्टनला जमलें असतें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. पावणेसात फूट उंचीचा हा स्लोव्हाक बचावपटु आल्याबरोबर नायक झाला, आणि चौदा मोसम तो नायक होता. २०११ सालीं त्याच्याच हातीं स्टॅन्ले चषक आला. बोस्टनला तो ३९ वर्षांनीं मिळाला. मोबदल्यांत आलेल्या तिघांपैकीं दोघांस पुढें कॅलगरीला देऊन अँड्र्यू फेरेन्स मिळाला, तोहि या विजयी संघांत होता. तेव्हां शेवट गोड झाला हें खरें. परंतु थोडें बारकाईनें पाहूं. चारा येऊनहि पहिल्या वर्षीं बोस्टन गटांत तळाशींच राहिलें. दुसऱ्या वर्षीं प्रशिक्षक बदलला. पॅट्रिस बर्जेरॉन, ज्यानें अंतिम सामन्यांत दोन गोल केले, तो २००३ सालीं, म्हणजे थॉर्नटनच्याच अमदानींत, निवडलेला होता. थॉर्नटनला घालविणारांनीं चारास आणलें नाहीं. त्यांच्या जागीं आलेल्या माणसांनीं आणलें. म्हणजे बोस्टनचें नेतृत्व खऱ्या अर्थानें बदललें तें नायक गेला त्या दिवशीं बदललें नसून, कचेरींतला माणूस गेला त्या दिवसापासून बदलूं लागलें, आणि फळ यायला पांच वर्षें लागलीं.

योगायोग असा कीं, २०११ च्या अंतिम मालिकेंत बोस्टनचा प्रतिपक्षी व्हँकूव्हर होता. एका बाजूस थॉर्नटन गेल्यानंतर उभारलेला संघ. दुसऱ्या बाजूस लिंडनच्या मोबदल्याच्या मोबदल्यांतून आलेले लुओंगो व सेडिन बंधु. सातवा सामना बोस्टननें चार विरुद्ध शून्य असा जिंकला. तेरा व सहा वर्षांपूर्वीं घाईनें झालेल्या दोन देवघेवींचे धागे असे एका अंगणांत येऊन मिळाले. ज्यांनीं ते व्यवहार केले, त्यांच्यापैकीं कोणीहि तो दिवस पाहण्यास आपल्या खुर्चीवर उरलेला नव्हता.

तिसरा प्रसंग फिलाडेल्फियाचा. हा संघ पडता होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. अपेक्षाभंग झालेला होता असें म्हणावें. माइक रिचर्ड्स हा २००८ सालीं, २३ व्या वर्षीं, त्याचा नायक झाला. २०१० सालीं बोस्टनविरुद्ध पहिले तीन सामने हरल्यावर पुढचे चार जिंकण्याचा दुर्मिळ पराक्रम या संघानें केला, आणि तो अंतिम मालिकेपर्यंत गेला. तेथें शिकागोनें त्याला हरविलें. पुढच्या वर्षीं बोस्टननें त्याचा चार सामन्यांत फडशा पाडला. तोंच चालकांचा धीर सुटला. २३ जून २०११ या एकाच दिवशीं रिचर्ड्सला लॉस एंजलिसकडे आणि त्याचा जोडीदार जेफ कार्टर याला कोलंबसकडे धाडण्यांत आलें. दोघांचेहि करार दहा वर्षांहून दीर्घ मुदतीचे होते. आपलें सबंध आयुष्य या गांवीं जाणार या भरंवशावर त्यांनीं सह्या केल्या होत्या. नवें नायकपद ख्रिस प्रॉंगर या कडव्या, अनुभवी गड्याकडे गेलें. दोनच महिन्यांत दुखापतीनें प्रॉंगरचा खेळ कायमचा संपला.

इकडे २०१२ च्या फेब्रुवारींत कार्टरहि लॉस एंजलिसला येऊन पोहोंचला, आणि त्याच जूनमध्यें, पश्चिम विभागांतून आठवा म्हणजे अखेरचा प्रवेश मिळालेल्या त्या संघानें आपल्या इतिहासांतील पहिला स्टॅन्ले चषक जिंकला. ज्यांच्यामुळें फिलाडेल्फियाचें नेतृत्व बिघडलें म्हणून त्यांना घालविलें, तेच दोघे वर्ष पुरें होण्याच्या आंत चषक डोक्यावर घेऊन नाचत होते. आणि २०१४ सालीं पुनः नाचले. लॉस एंजलिसला नायक डस्टिन ब्राउन होता. रिचर्ड्सला तेथें कोणी पुढारी हो असें म्हटलें नाहीं. त्यानें आपलें काम करावें इतकीच अपेक्षा होती. एका घरीं ओझ्यानें वांकलेला माणूस दुसऱ्या घरीं मोकळा चालूं लागतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. फिलाडेल्फियाचाहि तोटाच झाला असें नव्हे. कार्टरच्या मोबदल्यांत मिळालेल्या हक्कानें त्यांनीं शॉन कूतुरिए या अठरा वर्षांच्या मुलास निवडलें. तो त्या संघाचा नायक झाला, परंतु केव्हां? २०२४ च्या फेब्रुवारींत. नेतृत्व आलें खरें; त्याला बारा वर्षांहून अधिक काळ लागला.

आतां चौथा प्रसंग, आणि यांत पुनः थॉर्नटनच आहे. २०१० पासून तो सॅन होझेचा नायक होता. २०१४ च्या वसंतांत त्याच्या संघानें लॉस एंजलिसविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले आणि पुढचे चार गमावले. रिचर्ड्स व कार्टर त्या वेळीं समोरच्या बाजूस होते. दहा वर्षांपूर्वींचा तोच आरोप पुनः उठला. या खेपेस थॉर्नटनच्या करारांत संमतीवांचून न हलविण्याची अट होती, आणि त्यानें संमति दिली नाहीं. तेव्हां संघानें ऑगस्टमध्यें त्याच्या छातीवरचें अक्षर तेवढें काढून घेतलें. एक मोसम कोणीच नायक नव्हता, आणि त्या मोसमांत संघ २००३ नंतर प्रथमच बादफेऱ्यांबाहेर राहिला. पुढें नवा प्रशिक्षक आला आणि नायकपद जो पाव्हेल्स्कीकडे गेलें. तोहि याच घरांत लहानाचा मोठा झालेला गडी होता. थॉर्नटन त्याच्या नायकत्वाखालीं, ३६ व्या वर्षीं, ८२ गुण मिळवून गेला, आणि २०१६ सालीं सॅन होझे आपल्या इतिहासांत प्रथमच अंतिम मालिकेंत खेळलें. पिट्सबर्गनें त्यांना हरविलें, हें खरें; पण त्यापूर्वीं ते इतके वर कधींच गेले नव्हते.

या चार हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. खेळाडूची अदलाबदल होऊं शकते. नेतृत्वाची होत नाहीं. गोल करण्याचें कौशल्य माणसाबरोबर प्रवास करतें. माणूस गाडींत बसला कीं तें त्याच्याबरोबर निघालें. परंतु चार माणसांनीं संकटांत कोणाच्या तोंडाकडे पाहावें, हें त्या चार माणसांमध्येंच हळूहळू ठरत असतें. मेसिएचें नेतृत्व न्यूयॉर्कच्या खोलींत खरें होतें; व्हँकूव्हरच्या खोलींत तें अक्षरापुरतें उरलें. उलट नॅस्लुंड व पाव्हेल्स्की यांना कोणी बाहेरून आणलेलें नव्हतें. ते आंतच वाढत होते. बाहेरून येऊन यशस्वी झालेला एकटा चारा, आणि त्यालाहि पांच वर्षांची मुदत मिळाली म्हणून तो यशस्वी झाला. जी मुदत थॉर्नटनला कोणी दिली नाहीं, ती चाराला मिळाली, इतकाच कदाचित् दोघांच्या बोस्टनमधील भाग्यांत फरक असेल.

यावरून जुन्या नायकाला कधींच हलवूं नये असा सिद्धांत आम्ही काढीत नाहीं. वय होतें, गति मंदावते, आणि कांहीं माणसांच्या मोठ्या सावलींत धाकट्यांची वाढ खरोखरच खुंटते. परंतु असा निर्णय करणारानें स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. मोकळी होणारी जागा घेण्यास घरांतला कोणी तयार आहे काय? पराभवाचीं जीं कारणें आपण जगाला सांगत आहों, तींच आपण मनाशींहि मानतों काय? आणि त्या कारणांत आपला स्वतःचा वांटा किती? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सहसा मागितलें जात नाहीं, कारण ज्याच्या हातीं दुसऱ्यास धाडण्याचा अधिकार असतो त्याला धाडणारा त्या दिवशीं कोणी नसतो. बोस्टनला तो चार महिन्यांनीं भेटला.

थॉर्नटन १७१४ सामने खेळला. स्टॅन्ले चषक त्याला एकदांहि मिळाला नाहीं. टोरोंटो येथें हॉकीचें कीर्तिमंदिर आहे. त्यांत २०२५ सालीं ज्यांना मानाचें स्थान मिळालें, त्यांत त्याचें नांव आहे. त्याच वर्षींच्या त्याच यादींत झ्डेनो चारा याचेंहि नांव आहे. एकाला पुढारीपण नाहीं म्हणून बोस्टननें घालविलें, दुसऱ्याला पुढारी म्हणून आणलें. त्या मंदिरांत दोघेहि एका रांगेंत उभे आहेत.